देव न उतरवलेली गाडी

केदारखेडा,
३ नोव्हेंबर २०२५

आजोबा,

पायांवर डोके ठेवून विचारते आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा आणि मगच रागवा. फोनवरचे बोलणे तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवावा असा हा विषय नाही.

जाफराबादच्या दवाखान्यात रक्त तपासण्याचे माझे काम कंत्राटी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरच्या आरंभी कंत्राट वाढवायचे की नाही ते ठरेल. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसे दंड उघडा करून बसलेली असतात आणि मी भोकरदनच्या नाक्यावर, जीप भरण्याची वाट पाहत उभी असते. जीप भरल्याशिवाय हलत नाही. उशिराबद्दल मला लेखी समज मिळाली आहे. पुन्हा मिळाली तर काम गेले असे समजायचे.

म्हणून जुनी गाडी पाहते आहे. पहिली पाहिली ती उंच, पांढरी, एका निवृत्त गृहस्थांची. बसायला ऐसपैस, पण चार माणसे बसली की चढावर इंजिन धापा टाकते. दुसरी गॅसवर चालणारी. खर्च कमी, पण चाके झिजलेली आणि पत्रा दोन ठिकाणी नव्याने रंगवलेला. तिसरी लाल, छोटी, बसकी, रुंद टायरांची. तरुण मुले शर्यतीच्या नादाने घेतात तशी दिसते, हे कबूल करते. तिला तेल थोडे जास्त लागते आणि खराब रस्त्यावर तिचे पोट घासते. पण आजोबा, सध्या आमच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर ओळीने चालतात. पुढे निघायचे तर समोरची एसटी जवळ येण्याच्या आत निघावे लागते. या गाडीत ते जमते. बाकीच्या दोन्हींत निम्म्या अंतरावर जीव टांगणीला लागतो.

यांना, म्हणजे गोरक्षनाथांना, जालन्याच्या कारखान्यातल्या पाळ्यांमुळे मला सोडायला जमत नाही. ते म्हणतात, तुला पटेल ती घे. सासूबाई मात्र म्हणतात, तुझ्या आजोबांचा होकार आल्याशिवाय गाडीला हळदकुंकू लागायचे नाही.

तुमचे उत्तर लवकर यावे.

रेणुका


परतूर,
कार्तिक वद्य प्रतिपदा (६ नोव्हेंबर)

चिरंजीव रेणुका,

तुझे पत्र सकाळच्या पूजेनंतर वाचले आणि मन अस्वस्थ झाले. जुन्या ऋषींनी देहाला रथ म्हटले, इंद्रियांना घोडे म्हटले आणि लगाम बुद्धीच्या हाती दिला. घोडा किती वेगाने धावतो याचे कौतुक त्यांनी कोठेही केलेले नाही. तू तीन गाड्यांचे वर्णन केलेस. पैकी दोन्हींचे दोष सांगितलेस आणि तिसरीचे दोष सांगूनही तिची बाजू घेतलीस. निवड आधीच झाली होती, विचारणे मागाहून आले, असे मला वाटले. लाल रंग, रुंद चाके, पुढे जाण्याची घाई या गोष्टी रजोगुणाच्या आहेत. तुझे काम सत्त्वाचे आहे. त्या कामासाठी असे वाहन शोभत नाही.

तरी रंगरूपावरून मी नकार देणार नाही. मला निराळेच विचारायचे आहे. ही गाडी कोणाची होती? त्याने ती का विकली?

आपले पूर्वज मेंढरांमागे फिरलेले. पाटीपुढे बसलेला घराण्यातला पहिला मी. पण माझ्या आजोबांची एक शिस्त मी कधी सोडली नाही. बाजारात बैल विकला तरी दावे विकायचे नाही. दावे हातात घेऊन घरी परत यायचे आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगायचे. घेणाऱ्याने आपले दावे आणावे. दाव्यासकट जनावर देणारा भेटला की आजोबा व्यवहार मोडून उठत. ते म्हणत, याला आपल्या गोठ्याचे काही राहिलेले नाही. इथे काहीतरी घडून गेले आहे.

आज गाड्यांना दावे नसते, पण देव असतो. प्रत्येक जण गाडीत आपला देव बसवतो आणि विकताना गाडी देतो, देव उतरवून घेतो. परतुरात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून तू त्या लाल गाडीत डोकावून पाहा. देवाच्या जागी नुसता डाग असेल तर मालकाने ती राजीखुशीने दिली. देव जागेवरच असेल, तर तो उतरवणारा हात उरलेला नाही असे समज. अशी गाडी मृताची असते. बहुधा तिच्यातच त्याचा अंत झालेला असतो. तिच्यात तू बसू नयेस, ही माझी आज्ञा समज.

तुझ्या सासूबाई दैवशालाबाईंना माझा नमस्कार सांग.

रामराव


जाफराबाद,
१२ नोव्हेंबर

आजोबा,

हे पत्र दवाखान्यातून लिहिते आहे. उत्तरही कृपा करून इथल्याच पत्त्यावर पाठवा. कारण आधी सांगते.

तुमचे पत्र आले की आमच्या घरी ते संध्याकाळी देवापुढे दिवा लागल्यावर मोठ्याने वाचले जाते, हे मी तुम्हाला कधी सांगितले नव्हते. सासूबाई पदर डोक्यावर घेऊन बसतात, शेजारच्या आसराबाईही येतात. वाचणारी मीच असते. देवाचा उल्लेख आला तिथे माझा आवाज थांबला. सासूबाई म्हणाल्या, "पुढं वाच." तुमचे अक्षर गाळून वाचण्याचे धैर्य माझ्यात नाही. मी वाचले.

त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि काचेला कपाळ लावून आत पाहू लागल्या.

होय, अंगणात. गाडी घेऊन झाली आहे, आजोबा. पहिले पत्र लिहिले तेव्हा ती दारात उभी होती आणि मी आठवडाभर तिच्यातून जाऊन आले होते. तुमच्या मनात निवड मोकळी असावी, म्हणजे तुम्ही गाडीचा विचार कराल, माझ्या उतावळेपणाचा नाही, असे मला वाटले. तुम्ही एका वाक्यात ओळखलेत.

आणि देव आहे. काचेखाली मधोमध चिकटवलेला छोटा पितळी गणपती. त्याला हात जोडूनच मी रोज गाडी सुरू करत होते. घेताना तो आधीपासून आहे याचा मला आनंदच झाला होता.

सासूबाईंनी कापूस झाकायची ताडपत्री आणून गाडीवर टाकली आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. हे पाळीवरून आले तेव्हा त्यांनी समजावून पाहिले. सासूबाईंचे उत्तर ठरलेले आहे. "आजोबा म्हन्ले ना, मंग न्हाई म्हंजे न्हाई. सून मेल्यावर पगार काय करायचा?" आसराबाईंनी गावभर सांगितले आहे. काल पाण्याला आलेल्या बाया ताडपत्रीकडे बघत लांबून गेल्या.

मी पुन्हा जीपने जाते. सोमवारी उशीर झाला. मोठ्या डॉक्टरांनी फक्त घड्याळाकडे पाहिले. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मीही शोधले. जालन्याच्या विक्रेत्याला फोन करून मालकाविषयी विचारले तर तो टाळत होता. पुन्हा पुन्हा विचारल्यावर म्हणाला, गाडी परतूरची आहे, धान्याच्या आडतीवाल्या राधेश्यामांच्या घरची, त्यांच्या मुलीच्या नावावर, भावना म्हणून. मुलीचे काय झाले ते त्याला ठाऊक नाही. व्यवहार वडिलांनी केला आणि ते फार घाईत होते. हे ऐकल्यापासून त्या गाडीत बसलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

परतूर तुमचे गाव आहे. तुम्हीच आता खरे काय ते सांगा.

रेणुका


परतूर,
कार्तिक वद्य एकादशी (१५ नोव्हेंबर)

चिरंजीव रेणुका,

आज उपवास आहे, पण मन निराहार राहू शकलेले नाही.

राधेश्यामच्या अंगणात मी रोज सायंकाळी पोथी वाचतो. पाट त्याच्या घरचा, दिवा त्याच्या घरचा, श्रोतेही बहुतेक त्याच्या पेठेतले. आणि भावना त्याची थोरली मुलगी. जिला मी तुला लिहिलेल्या पत्रात मृत ठरवले, ती त्या दिवशीही खांबाला टेकून माझ्यासमोर बसली होती. ती पूर्वी जालन्याला एका हिशेबनिसाच्या कार्यालयात जात असे, हे मला माहीत होते. आता जात नाही, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

पत्र मिळाले त्याच दिवशी वाचन संपल्यावर मी थांबलो आणि राधेश्यामला गाडीविषयी विचारले. तो मोकळेपणाने बोलला, त्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. परभणीची एक सोयरीक आली आहे. पाहुणे आले त्या दुपारी भावना एकटीच गाडी चालवत दाराशी उतरली आणि पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. "गुरुजी, इकडं सोयरीक जमून राह्यली अन् ही लाल गाडी घेऊन जालना करून राह्यली. मंग दिली काढून. तिच्या भल्यासाठीच केलं न मी?" कागदांवर तिची सही त्यानेच समोर बसून घेतली. दुसऱ्या दिवशी ती आतल्या खोलीत असताना गाडी गेली. देव उतरवायला तिला कोणी बोलावले नाही.

माझा तर्क अर्धा खरा ठरला आणि अर्ध्याने मी अनर्थ केला. गाडी राजीखुशीने दिलेली नव्हती, हे खरे. पण जिवंत माणसाचा हातसुद्धा अडवला जातो, हे मला सुचले नाही. मला केवळ मरणच सुचले.

मी भावनाला बोलावण्यास सांगितले. ती उंबऱ्याशी उभी राहिली. गाडी माझ्या नातीने घेतली आहे असे मी म्हटले. तिने एवढेच विचारले, "ती रोज कामाला घेऊन जाती का?" मी होय म्हटले. "मंग देव राहू द्या. पण गुरुजी, ब्रेक दाखवून घ्यायला सांगा. पायडल कधीमधी खाली बसतं. मी दुरुस्तीला टाकणार होते, त्याच्या आत नेली." तिच्या वडिलांना हे ठाऊक नव्हते, विक्रेत्यालाही कोणी सांगितले नसावे. मी तुझा दूरध्वनी क्रमांक तिला दिला आहे. हे पत्र पोहोचण्यापूर्वी तिने तुला कळवलेले असेल. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडीला हात लावू नकोस. ही मात्र आज्ञाच समज.

निघताना राधेश्यामने मला फाटकापर्यंत सोडले आणि विनंती केली. येत्या वाचनात कन्येने घराची मर्यादा कशी राखावी यावर मी दोन शब्द बोलावे. माझे ती ऐकेल, असे त्याला वाटते. मी पाहू असे म्हणालो.

तू मला आधी सत्य सांगितले नाहीस, याचे दुःख झाले. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

रामराव


जाफराबाद,
२० नोव्हेंबर

आजोबा,

भावनाचा फोन आला, पण एका दिवसाने उशिरा आला. आदल्या दिवशी काय झाले ते तुमच्याशिवाय कोणालाही सांगितलेले नाही. हे पत्र फाडून टाका.

त्या सकाळी भोकरदनला जाणारी एसटी आलीच नाही. सासूबाई शेतात गेल्या होत्या. मी दगड बाजूला केले, ताडपत्री ओढली आणि निघाले. भोकरदनच्या अलीकडच्या उतारावर पुढे उसाची ट्रॉली होती. तिचा वेग कमी झाला म्हणून मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट खाली गेला. गाडी थांबली नाही. ऊस काचेपर्यंत आला. मी आणखी एकदा दाबला तेव्हा ब्रेक धरला. ट्रॉलीवाल्याला काही कळलेही नाही. तो पुढे निघून गेला. मी गाडी कडेला घेतली. त्या क्षणी मला वाटले, तुम्ही लिहिले तेच खरे, या गाडीत कोणीतरी मेले आहे आणि आता मी. तुमच्या शब्दात एवढी ताकद आहे, हे तुम्हाला माहीत असावे म्हणून सांगते. तशीच सावकाश दवाखान्यात पोहोचले आणि सासूबाई शेतातून येण्याआधी गाडी पुन्हा ताडपत्रीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी भावनाने सांगितले की ब्रेकच्या तेलाची गळती आहे, दोनदा दाबला की धरतो, ती तसेच करून घरी यायची. मी रस्त्यात थांबून रडले. भुताला उपाय नसतो, गळतीला असतो. भोकरदनच्या मेकॅनिकने घरी येऊन तो भाग बदलला, उतारावर नेऊन मला स्वतः दाबून पाहायला लावले. ब्रेक आता पक्का आहे.

पण सासूबाईंची ताडपत्री निघत नाही. मी सांगितले, मालकीण जिवंत आहे, माझ्याशी फोनवर बोलली. त्या म्हणाल्या, "तू म्हन्लीस म्हनून? आजोबांचं लिहून येऊ दे." त्यांचेही बरोबर आहे. देवापुढे वाचलेला शब्द फोनवरच्या शब्दाने पुसला जात नाही. एक तारखेला कंत्राटाचे ठरणार आहे. त्याच्या आत तुमचे पत्र यावे, दवाखान्यात नव्हे, घरी.

आणखी एक. भावना माझ्याशी पुष्कळ बोलली. शेवटी मी विचारले, माझे आजोबा तुझ्यासाठी वडिलांशी काही बोलले का? ती हसून म्हणाली, "गुरुजी पाहू म्हन्ले." तुमच्या पत्रातही तेवढेच आहे. आजोबा, मला गाडी नाकारायला तुम्हाला एक पान पुरले. तिच्यासाठी दोन शब्दही का सुचले नाहीत? माझ्या पगारासाठी हो म्हणायचे आणि तिच्या अंगणातल्या पाटासाठी गप्प राहायचे, असा होकार मला नको. मी जीपने जाईन.

उद्धटपणा झाला. पण हे वाक्य खोडणार नाही.

रेणुका


परतूर,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी (२४ नोव्हेंबर)

दैवशालाबाई यांस रामरावाचा नमस्कार. हे पत्र आपल्यासाठी आहे. देवापुढे दिवा लावून रेणुकाने ते वाचावे आणि एकही शब्द गाळू नये. आसराबाईंनाही बोलवावे.

मागील पत्रात मी त्या गाडीस मृताची गाडी म्हटले, ते चुकीचे होते. तिची मालकीण भावना जिवंत आहे, सुदृढ आहे आणि माझ्या समोर बसून रोज पोथी ऐकते. गाडीत कोणाचाही अंत झालेला नाही. देव जागेवर राहिला, कारण तिला न विचारता गाडी विकली गेली. मी न पाहता लिहिले आणि आपण माझ्यावरच्या विश्वासाने ते मानले. दोष माझा आहे. ताडपत्री काढावी, कापसाला ती लागेल.

आता परवानगीविषयी. आपण ती माझ्याकडे मागितली, हा आपला मोठेपणा. पण रेणुकाने वाहनांची परीक्षा केली, रस्ता पाहिला, धोका पाहिला, बिघाड झाला तेव्हा तो दुरुस्त करून घेतला. सारथी कसा असावा हे मी आयुष्यभर वाचत आलो आणि समोर आल्यावर मला तो ओळखता आला नाही. म्हणून मी परवानगी देत नाही. ती देण्याचा अधिकार माझा नव्हताच. तिने जावे. पुढील वेळी मला कळवावे, विचारू नये.

रेणुका, यापुढचे तुला आहे, पण तेही मोठ्यानेच वाच.

तुझे पत्र शनिवारी आले. सायंकाळी राधेश्यामने पुन्हा आठवण दिली, म्हणून वाचन संपल्यावर मी बोललो. सगळी पेठ बसलेली होती. मी म्हटले की या घरातून एक वस्तू तिच्या धनिणीला न विचारता गेली आहे. न विचारता घेण्याला आपण चोरी म्हणतो, मग न विचारता देऊन टाकण्याचेही पुण्य होत नाही. गाडी गेली ती गेली. ती माझ्या नातीच्या दारात आहे आणि तिथेच राहील. पण भावनाने कामावर जावे की न जावे, हे ठरवताना तिला उंबऱ्याशी उभे न करता आत बसवून विचारावे. राधेश्यामने दिव्याची वात पुढे सारली, जणू ती मंद झाली होती.

काल मी गेलो तेव्हा पाट मांडलेला नव्हता. मी ओट्यावर बसून मनातल्या मनात वाचले आणि परत आलो. आजही तसेच केले. आज मात्र राधेश्याम बाहेर आला आणि रस्त्याकडे पाहत माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "गुरुजी, पेठेत माझी मान खाली घातली तुम्ही. बरं, ती म्हन्ती तुमच्या नातीला भेटायचं हाय. मी काय, न्हाई म्हन्लो न्हाई." भावना दारात उभी होती. भेटायचे आहे हे तिने वडिलांना सांगितले होते, विचारले नव्हते. परभणीच्या पाहुण्यांना काय कळवायचे, ते बाप-लेक ठरवतील. ते माझे काम नाही.

म्हणून रविवारी सकाळी तुम्ही दोघी या. गाडी माझ्या दारात आणू नका. राधेश्यामच्या दुकानासमोर, पेठेत, सर्वांना दिसेल अशी उभी करा आणि किल्ली भावनाच्या हाती द्या. ती मोंढ्यापर्यंत, धान्यबाजारापर्यंत, नेईल आणि परत आणील. रेणुका तिच्याशेजारी बसेल. मागे दैवशालाबाई आणि मी.

वेगाची मला भीती वाटते, हे मी भावनाला आधीच सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "मंग घट्ट धरून बसा, गुरुजी."

रामराव